दाता क्रमांक अठ्ठ्याऐंशी

५ ऑगस्ट २०२४, सोमवार

आज बैठकीत ठरलं. माझा डेटाबेस बंद होणार.

ठरलं म्हणजे निकितामॅडमनी ठरवलं आणि आम्ही सगळ्यांनी चहा घेतला. मॅडम मानवतच्या, कृषी पदवीधर, वय तीस, संस्थेत येऊन चार महिने झालेत. मी जिंतूरचाच, वय एक्कावन्न, या देशी बियाणे संग्रहात पंधरा वर्षं आहे. संग्रह म्हणजे सहाशे अठरा बाटल्या, तीन फ्रीज आणि माझा डेटाबेस. बाटल्या आणि फ्रीज राहणार आहेत.

मॅडमचं म्हणणं असं की बायका बियाणं देताना पुष्कळ काही सांगतात आणि ते माझ्या रकान्यांत मावत नाही. शेऱ्याचा रकाना पन्नास अक्षरांचा आहे, पुढचं संगणक कापतो. सगळ्यांसमोर त्यांनी पडद्यावर एक नोंद लावली : 'हे वाण बाळंतिणीला खिरीसाठी देतात पण त्यात क'. या क-चं पुढे काय, असं त्यांनी मला विचारलं. पंधरा वर्षांपूर्वीचा क मला आज कसा आठवणार? पण बाळंतिणीच्या खिरीत काय, हे कळायला हवं होतं, एवढं मी मान्य केलं.

तर आता रिलेशनल डेटाबेस जाणार आणि नो-एसक्यूएल येणार. मुदत फेब्रुवारीअखेर.

कामाची नोंदवही वेगळी आहे, ती मॅडम वाचतात. ही वही खासगी.

७ ऑगस्ट

रुद्राणीने विचारलं, तोंड कशाने उतरलंय. बायकोला समजेल अशा भाषेत सांगितलं. जुन्या पद्धतीत प्रत्येक गोष्टीला ठरलेला कप्पा. माणूस एकदाच लिहायचा, त्याला क्रमांक द्यायचा, आणि बाकी सगळीकडे फक्त तो क्रमांक. गावांची यादी सरकारी, यादीबाहेरचं गाव मशीन घेतच नाही. अनिवार्य रकाना कोरा सोडला तर नोंद पुढे सरकत नाही. नव्या पद्धतीत प्रत्येक वाणाची एक पिशवी. एकीत उंची टाका, दुसरीत ओवी टाका, तिसरीत नुसतं नाव. एखादी गोष्ट माहीत नसली तर तो रकानाच नसतो.

"मग बरंय की," रुद्राणी म्हणाली. "माहीत नाही ते माहीत नाही."

पंधरा वर्षांत माझ्या एकाही नोंदीत अनिवार्य रकाना कोरा नाही, हे मी तिला सांगितलं. ती भाकरी उलटवत होती.

१२ ऑगस्ट

माहितीच्या स्थलांतराआधी प्रत्येक बाटलीची उगवण तपासायची, असा मॅडमचा आदेश. मेलेल्या बियाण्याची माहिती नव्या घरात न्यायची नाही म्हणे. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे आणि चार-पाच दिवसांनी कोंब मोजायचे.

मांडायचं आणि मोजायचं काम धुरपताबाईंकडे. धुरपताबाई मागच्या खोलीत बियाणं निवडतात, पाखडतात. वय सत्तरच्या पुढे, २०१४पासून आहेत. अक्षरओळख नाही, पण मोजण्यात चूक नाही. दोष एवढाच की बाटल्यांशी बोलतात.

१७ ऑगस्ट

बाटली क्र. ४१७. ज्वारी, स्थानिक नाव लाजरी. शंभरात अकरा कोंब.

मॅडमनी आकडा दोनदा विचारला. दुसऱ्या कुठल्याही संग्रहात हे वाण नाही, त्यांनी चार ठिकाणी फोन केले. आमच्याकडे उरले सहाशे बारा दाणे, तेही दर महिन्याला मरत चाललेले. भारनियमनात फ्रीज सारखे बंद पडायचे, त्याचा हा परिणाम. रब्बीची पेरणी सप्टेंबरअखेर सुरू होईल. तोवर ज्यांनी हे बी दिलं त्यांचं घर सापडलं आणि त्यांच्याकडे ताजं बी असलं, तर वाण वाचेल. नाहीतर ही बाटली शेवटची.

"दाता कोण आहे, सर?" मॅडमनी विचारलं.

माझ्या डेटाबेसने एका सेकंदात उत्तर दिलं. दाता क्र. ८८, चांगुणाबाई. गाव येलदरी. स्थिती : मयत.

मॅडम म्हणाल्या, "अरेरे." मी म्हणालो, पण माहिती पूर्ण आहे.

बाटली परत फ्रीजमध्ये ठेवायला निघालो तर धुरपताबाईंनी हातातून घेतली, झाकण उघडून वास घेतला. "हिला राखंत ठिवावं लागतंय. फ्रिजात गुदमरती," म्हणाल्या. बियाणे साठवणुकीचं तापमान त्यांना समजावून सांगण्यात अर्थ नव्हता. बाटली घेतली.

२० ऑगस्ट

लोखंडी पेटीतून २००९चे मूळ कागद काढले. बियाणं जमा करणाऱ्या मुली घरोघर जाऊन फॉर्म भरून आणायच्या आणि मी ते संगणकात चढवायचो. ४१७चा फॉर्म सापडला. मागच्या बाजूलाही मजकूर आहे :

'हे बी गव्हाळीचं. धरणात गाव गेलं तेव्हा आईने ओटीत घालून दिलं. कणीस मान खाली घालतं म्हणून लाजरी. पाखराला बसायला जागा मिळत नाही. पाऊस कमी झाला तरी रुसत नाही. हुरडा गोड. दर साली एक तास, एकच ओळ, पेरायचा, विकायचा नाही.'

डेटाबेसमध्ये आहे : 'हे बी गव्हाळीचं. धरणात गाव गेलं तेव्हा आईने ओट'.

गाव गव्हाळी असंच लिहिलं होतं. पण पाण्याखाली गेलेलं गाव सरकारी यादीत नाही, त्यामुळे मशीनने ते घेतलं नाही. तेव्हा मी जवळचं म्हणून येलदरी निवडलं. २०१२च्या पाहणीत येलदरीत चांगुणाबाई नावाचं कोणी भेटलं नाही. स्थितीच्या रकान्यात दोनच पर्याय होते, जिवंत आणि मयत. जिवंत असती तर भेटली असती. म्हणून दुसरा निवडला.

त्या वेळी ते तर्काला धरून होतं. आज कागद हातात घेतल्यावर थोडं अस्वस्थ वाटलं. मॅडमना सांगितलं की दाता क्र. ८८ कदाचित हयात असू शकतील. मॅडम माझ्याकडे बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "सर, शोधा त्यांना. काहीही करा."

हे काम मी करूनच दाखवणार. पंधरा वर्षांच्या कामावर एक डाग नको.

२३ ऑगस्ट

येलदरीला गेलो. एसटीत खिडकीची जागा मिळाली, खिडकी बंद होत नव्हती. धरणावर भागवत नावाचे मासे धरणारे भेटले, साठीचे, जाळं विणत बसले होते. गव्हाळीचं नाव काढलं तर त्यांनी पाण्याकडे बोट केलं.

"ती काय तितं. उन्हाळ्यात मारुतीच्या देवळाचा चौथरा वर निगतो. मानसं समदी पांगली. कोन जिंतूरकडं, कोन सेलूकडं."

चांगुणाबाई कुठे गेल्या, ते विचारलं.

"बाईचं नाव घिऊन हुडकायलाव व्हय?" भागवत म्हणाले. "बाप्या असता तर घावला असता. बाई सासरी गेली की नाव बी मागं ऱ्हातंय सायेब. तिचं तिला तरी कोन म्हनतंय त्या नावानं."

माणूस बोलका आहे, पण मुद्द्यावर येत नाही. पाच गावांची नावं घेऊन परतलो.

ऑफिसात धुरपताबाईंनी पाणी दिलं. "कुटं गेल्ता सायेब?"

"येलदरीला."

"पानी किती हाय?"

"बरंच चढलंय."

"मग देऊळ दिसलं नसंल," म्हणाल्या आणि सूप घेऊन बसल्या.

एवढ्या लांब कामासाठी गेलेल्या माणसाने देवदर्शन करून यावं, अशी या लोकांची अपेक्षा असते.

३ सप्टेंबर

दोन दिवस धो धो पाऊस. पोळ्याला बैलं गोठ्यातच पुजली. एकतीस तास वीज नाही. सकाळी धावत ऑफिस गाठलं, फ्रीज उघडले, एक-एक बाटली यादीशी ताडून पाहिली. ४१७ जागेवर नाही.

तासभर शोधली. शेवटी मागच्या खोलीत धुरपताबाईंच्या जेवणाच्या पिशवीशेजारी एक पत्र्याचा डबा, त्यात चाळलेली राख आणि राखेत बाटली. "लाइट गेल्ती. गरम झाली असती," म्हणाल्या.

बाटली सुखरूप होती. परंतु विनानोंद हलवली होती. मी लेखी समज दिली, 'बाटली क्र. ४१७ अनधिकृतपणे स्थलांतरित केल्याबाबत'. त्यांना वाचता येत नाही म्हणून मीच वाचून दाखवली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतली, अंगठा उठवला, "बरं" म्हणाल्या.

मॅडमनी समजपत्र पाहिलं आणि कपाळाला हात लावला. थकल्या असाव्यात.

९ सप्टेंबर

पाच गावं झाली. एकूण तीन चांगुणाबाई भेटल्या. एकीला ज्वारी आठवत नाही, एकीचं माहेर वाशिमकडचं, तिसरी नऊ वर्षांची आहे. तिच्या आजीचं नाव तिला ठेवलं होतं, ती आजीही गव्हाळीची नव्हती.

लोक दारात उभं करून विचारतात, कोणत्या खात्याचे? काही मिळणार आहे का? कोणाला काही देण्यासाठी नव्हे, मागायला आलो आहे, असं मी सांगतो. मग पाणी देतात.

रात्री जेवताना रुद्राणीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अशी कशी सापडेल? मला शोधत कोणी आलं आणि बबिता कुठे राहते विचारलं, तर या गल्लीत कोण सांगेल?"

बबिता हे तिचं माहेरचं नाव. लग्नात ताटात तांदूळ पसरून मीच अंगठीने रुद्राणी लिहिलं होतं. अक्षर चांगलं आलं म्हणून सगळ्यांनी कौतुक केलं होतं. तिला तेव्हा कसं वाटलं, हे मी कधी विचारलं नाही, असं ती म्हणाली. मी म्हणालो, एका व्यक्तीला एकच नाव असलं की गोंधळ होत नाही.

तिने मला पुन्हा वाढलं नाही. हा वेगळाच विषय निघाला आणि मूळ प्रश्न बाजूला राहिला.

१३ सप्टेंबर

स्थलांतराचं काम चालू. चारशे नोंदी पिशव्यांत गेल्या. माझ्या जुन्या मांडणीत दात्याचं नाव एकदाच असायचं. आता ते प्रत्येक पिशवीत वेगळं लिहिलेलं आहे. एका बाईंनी एकतीस वाणं दिली, तर त्यांचं नाव एकतीस वेळा. हे बघताना मला शारीरिक त्रास होतो.

मॅडमनी कागदांच्या मागच्या बाजूही जशाच्या तशा चढवल्या. खिरीतल्या क-चं उत्तर मिळालं : 'पण त्यात कधी गूळ घालू नये, दूध आटतं'. हे वाचून मी अर्धा तास काही काम केलं नाही. पंधरा वर्षं आम्ही ते बियाणं लोकांना देत होतो आणि गुळाचं कोणालाच सांगितलं नव्हतं.

आज संस्थेत पाहुणे आले होते. नियम पाळल्याने संग्रह कसा टिकतो, याचं एक उदाहरण मी त्यांना सांगितलं. २०१३ साली हिरवं लुगडं नेसलेल्या एक बाई आल्या होत्या, मूठभर ज्वारी मागायला. म्हणे, मीच दिली होती, माझ्या घरची किडीने गेली. पावती नव्हती. मी त्यांच्या नावाने शोधलं, त्या नावाचा दाताच नाही. पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवला. त्या बराच वेळ पडद्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि गेल्या. भावनेच्या भरात मी तेव्हा बाटली उघडली असती, तर आज संग्रह उरला नसता.

पाहुण्यांनी मान डोलावली. धुरपताबाई चहाचे कप उचलत होत्या, त्यांच्या हातून एक फुटला. पहिल्यांदाच.

१८ सप्टेंबर

आज नव्या डेटाबेसची पहिली चाचणी. फॉर्ममध्ये एकही अनिवार्य रकाना नाही. मी आक्षेप नोंदवला. मॅडम म्हणाल्या, पहिला प्रश्न मी ठरवलाय, तुमची आजवरची सगळी नावं सांगा आणि तुमची सगळी गावं सांगा. जो माणूस समोर आहे त्याच्यावर करून बघू. समोर धुरपताबाई होत्या. त्या दात्या नाहीत, हे मी लक्षात आणून दिलं. मॅडम म्हणाल्या, चाचणीच तर आहे.

मॅडम त्यांच्यासोबत मागच्या खोलीत बसल्या आणि लॅपटॉपवर टिपत गेल्या. मी इकडे सर्व्हरपाशी वेळ मोजत होतो. मध्येच मॅडमना फोन आला आणि त्या तशाच घाईने परभणीला बैठकीला गेल्या. जाताना म्हणाल्या, जतन करा.

चाचणीची नोंद क्र. १ जतन केली. चार मिलिसेकंद. वेग चांगला आहे, हे मान्य करायला हवं.

१९ सप्टेंबर

नव्या डेटाबेसमध्ये गंभीर दोष सापडला. सापडला म्हणजे मी शोधला.

जुन्या यादीत नसल्याने 'गव्हाळी' हा शब्द मी कधी शोधूच शकलो नव्हतो. आज नव्यात टाकून पाहिला. एकच नोंद यायला हवी, ४१७. आल्या दोन. दुसरी काय, तर कालची चाचणीची नोंद क्र. १! म्हणजे खऱ्या नोंदीतली माहिती चाचणीच्या नोंदीत सांडते आहे. गावच नव्हे, 'चांगुणा' हे नावही त्यात आलं आहे. काहीही कुठेही कोंबा म्हटल्यावर दुसरं काय होणार.

दोषाचा अहवाल दीड पानी तयार केला. ठळक अक्षरांत लिहिलं, अशा पद्धतीत एका व्यक्तीची ओळख दुसऱ्या व्यक्तीला चिकटू शकते. उद्या मॅडम आल्या की त्यांच्या टेबलावर ठेवणार. महिनाभरानंतर आज जेवण गोड लागलं.

२० सप्टेंबर

मॅडमनी अहवाल उभ्यानेच वाचला. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचला. मी म्हणालो, मला आधीपासून शंका होती.

"सर," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे सांडलेलं नाही. हे मावशींनी सांगितलंय. मी घाईत नुसतं टाइप करत गेले."

त्या उठून मागच्या खोलीत गेल्या. मी अहवाल घेऊन मागोमाग.

धुरपताबाई मूग निवडत होत्या. मॅडम त्यांच्यापाशी खाली बसल्या. "मावशी, चारशे सतरा तुमची आहे?"

"नंबर मला काय मालूम," धुरपताबाई म्हणाल्या. "लाजरी म्हनत असाल तर गव्हाळीची हाय. मी आनून दिल्ती."

मी विचारलं, मग फॉर्मवर चांगुणाबाई का?

"ती पोरगी इचारली, बी कुनाचं. बी माह्येरचं, मनून नाव माह्येरचं सांगितलं. सासरच्या नावाचं त्यात काय हाय?"

"पण मग इतकी वर्षं तुम्ही बोलला का नाहीत?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "बोलले की. तुमच्याच टेबलापाशी बोलले. तुमी मशीन फिरवून दावली, मशीनीत मी नव्हते. तुमी शिकल्याली मानसं, मला वाटलं नसंनच मी. मग इतं बाया पायजेत मनून कळलं तवा कामाला आले. बाटली तरी नजरंम्होरं राहील."

मी माझ्या टेबलाशी परत आलो आणि भेटीचं जुनं रजिस्टर काढलं. ११ जून २०१३. धुरपताबाई, मु. पो. जिंतूर. मागणी : ज्वारी. निकाल : नोंद आढळली नाही. अक्षर माझं. चांगलं आलं आहे.

लाज वाटली. सरळ लिहितो, वही खासगी आहे. ज्या बाईला मी महिनाभर सहा गावांत शोधलं, ती रोज मला पाणी देत होती. तिची बाटली तिने वाचवली म्हणून मी तिला समजपत्र दिलं. हिरवं लुगडं मला आठवलं आणि तोंड आठवलं नाही.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती. लपवता आली असती. पण संध्याकाळी त्या निघताना सांगितलं, की आमच्या नोंदीत तुम्ही मयत आहात.

"कवा मेले?"

"२०१२ मध्ये. मार्चच्या पाहणीत."

त्यांनी विचार केला. "तेराव्याला कोन जेवलं?" म्हणाल्या, आणि पिशवी उचलून गेल्या.

२३ सप्टेंबर

त्यांच्या घरी बी नाही. २०१३लाच संपलं होतं. म्हणजे जे आहे ते बाटलीत, सहाशे बारा दाणे.

मॅडम म्हणतात, निम्मे पेरू, निम्मे ठेवू. नियमही तसाच आहे. धुरपताबाई म्हणतात, सगळे द्या. "बाटलीत ठिवलं तर जानारच हाय. मातीची तिला सवय तरी हाय." मॅडमना धीर होईना. यंदा पाऊस नाही झाला, किडा पडला, काहीही झालं, तर पुढे कोणालाही लाजरी दिसणार नाही. त्या माझ्याकडे बघायला लागल्या. नियमाचं काम माझं असतं.

मी फ्रीज उघडला, बाटली काढून धुरपताबाईंच्या हातात दिली आणि रजिस्टरमध्ये लिहिलं : मूळ मालकास परत. कारणाचा रकाना कोरा सोडला.

रात्रभर झोप लागली नाही. त्याला कारण कोरा रकाना नव्हता.

२८ सप्टेंबर

त्यांची पद्धत अशी. दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, गोणपाट शेणाच्या उबेला ठेवायचं, दिवसातून तीनदा उघडून पाहायचं. ज्याला कोंब फुटला तोच उचलून मातीत. बाकीच्यांना वेळ द्यायचा. "घाई नको. म्हाताऱ्या मानसावानी हायेत ते, उठायला टाइम लागतोय."

ऑफिसमागच्या वाफ्यात आजवर अठ्ठावन्न लावले. मी रोज सकाळी आधी सर्व्हरकडे जायचो. आता आधी वाफ्याकडे जातो.

५ ऑक्टोबर

आता कोंब येईनात. गोणपाट आज धुऊन वाळत घातलं. एकूण त्रेसष्ट. उरलेले दाणे धुरपताबाईंनी वाफ्याच्या कडेला पुरले. मी विचारलं, कशाला? "आपलेच हायेत," म्हणाल्या.

११ नोव्हेंबर

त्रेसष्टातले एक्केचाळीस राहिले. काही खोडकिड्याने गेले, चार शेजाऱ्याच्या शेळीने खाल्ले. शेळीबद्दल मी लेखी तक्रार देणार होतो. मॅडम म्हणाल्या, कुंपण घाला. घातलं.

नव्या डेटाबेसमध्ये वाणं आणि दाते मिळून आठशे दोन नोंदी. पिकाची उंची सात वेगवेगळ्या नावांच्या रकान्यांत आहे. मी सांगितलं होतं. मॅडमनी मान्य केलं आणि नावं एकसारखी करण्याचं काम मला दिलं. चांगलं काम आहे.

आणि एक. दात्यांना त्यांची सगळी नावं विचारायला सुरुवात केल्यापासून आमचे नऊ 'मयत' दाते सापडले आहेत. एकीने मला शेवया दिल्या.

३० डिसेंबर, येळवस

अमावास्येला सगळे रानात जेवायला जातात. आम्ही ऑफिसमागच्या वाफ्यात बसलो. धुरपताबाईंनी भज्जी आणि आंबील आणली, रुद्राणीने उंडे केले. कणसं बाहेर पडली आहेत. देठाशी वाकून, तोंड जमिनीकडे. माझ्या जुन्या यादीत कणसाचे चार प्रकार होते, उभे, सैल, घट्ट, इतर. हे सगळे इतर.

धुरपताबाई एका कणसाखाली हात धरून म्हणाल्या, "माजी आय अशीच उबी ऱ्हायची. बा म्होरं आला की."

रुद्राणीने त्यांना विचारलं, "चांगुणा म्हणून हाक मारली तर चालेल का तुम्हाला?"

"आता कोन ऱ्हायलंय मारायला," त्या म्हणाल्या. आंबील ओतताना म्हणाल्या, "मारा."

घरी येताना मी रुद्राणीला तिच्या जुन्या नावाने हाक मारून पाहिली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. तिने वळून पाहिलं आणि म्हणाली, "आधी रस्ता बघा."

१६ जानेवारी २०२५

कणसं हुरड्याला आली. गोड असतो, असं फॉर्मवर लिहिलेलं आहे. ते पडताळून पाहावं, असं मी सुचवलं. "यंदा न्हाई," धुरपताबाई म्हणाल्या. आग्रह केला नाही.

२४ फेब्रुवारी

काढणी झाली. पाखरांनी खरंच फार खाल्लं नाही. वाळवून, निवडून पायलीभर भरली. ताज्या बियाण्याची चाचणी, शंभरात शहाण्णव कोंब. धुरपताबाईंनी आकडा सांगितला आणि पदराने तोंड पुसलं. मॅडम उघड रडल्या. मी चष्मा साफ केला.

निम्मं बाटलीत. निम्मं धुरपताबाईंच्या डब्यात, राखेत. दोन्हीची नोंद केली.

२८ फेब्रुवारी

आज दुपारी चारला जुना सर्व्हर बंद करायचा होता. बटण मीच दाबावं, असं मॅडम म्हणाल्या. सगळी माहिती नव्या घरात पोचली आहे, दोनदा ताडून पाहिली आहे. नव्यात धुरपताबाईंच्या नोंदीला स्थितीचा रकानाच नाही. तिथे नावं आहेत, दोन. गावं आहेत, दोन. मागच्या पानावरचा सगळा मजकूर आहे, आणि खाली त्यांनी सांगितलं म्हणून टाकलेला एक रकाना : 'बियाकडं पाहणारं कोण' — 'मी'.

पावणेचारला मी जुन्या डेटाबेसमध्ये शेवटचं शिरलो. दाता क्र. ८८ काढला. गाव बदलायचा प्रयत्न केला, यादीने घेतलं नाही. ते तसंच सोडलं. स्थितीवर गेलो. दोन पर्याय होते. मयत काढून जिवंत निवडला. मशीनने विचारलं, बदल कायम करायचा? हो म्हटलं. खाली ओळ आली, एक नोंद बदलली.

धुरपताबाई चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "बंदच करायची हाय ना मशीन? मग लिवायलाव काय?"

"तुम्ही जिवंत आहात, ते लिहितोय."

"बरं," त्या म्हणाल्या आणि कप टेबलावर ठेवला.

चार वाजले होते. मी बटण दाबलं आणि चहा प्यायलो.